तिसऱ्या डब्याची मोहीम

श्री.

थोरल्या लढायांचे वर्तमान लिहिण्यास थोर कारकून पुष्कळ. धाकट्या लढायांस कोणी कलम देत नाही, आणि मग हरलेला पक्षही आपणच फत्ते केली म्हणोन चावडीवर पान चघळीत सांगत बसतो. तैसे न व्हावे याकरिता मौजे निंबळवाडी, प्रांत ताडकळस, जिल्हे परभणी, येथे शके अठराशे शहाण्णव, आनंदनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, ऐन कापूस वेचणीचे दिवसांत, दोन पडद्यांवरील चित्रे एकसमयी चालावी या कारणे जे युद्ध जाहले, त्याची हकिगत घडली तशी लिहितो. अधिक उणे असल्यास दोष बखरकाराचा. मातुश्री सुलाबाईंचा नव्हे.

युद्धाचे मूळ मागील सालचे. सरकारी प्रचाराची निळी मोटार दर हिवाळ्यात गावोगाव फिरे, आणि तिच्या पोटात वीज करणारे यंत्र, सिनेमाचे यंत्र, काचेच्या स्लाइडांची पेटी आणि एकाच सिनेमाचे तीन डबे ऐसा सरंजाम असे. आधी गावच्या मारुतीपुढे खेळ व्हावा, आणि तो आटोपल्यावर मग भीमनगरात, म्हणजे बौद्ध मंडळींच्या वस्तीत, दुसरा व्हावा, ऐसा शिरस्ता होता. तो कोणी घातला हे कोठे लिहिलेले नव्हते, म्हणोनच तो मोडता येत नसे. त्या साली गावचा खेळ यथास्थित जाहला. भीमनगरात दोन डबे चालले, आणि तिसऱ्याच्या तोंडाशी मोटारीचे डिझेल सरले. सिनेमातली गोदी नावाची पोर बापाचा शब्द मोडोन नर्स होण्यास शहरी गेली होती. ती पत्र्याची पेटी घेऊन परतली, दारापाशी उभी राहिली, आणि तेथेच अंधार जाहला. बापाने घरात घेतली की हाकलली, हे भीमनगरास कळले नाही.

मातुश्री सुलाबाई, उमर साठीची, रोजंदारीने रानात जाणाऱ्या, जिभेच्या तिखट आणि मनाच्या सरळ, यांस त्या प्रसंगाने फार दिलगिरी जाहली. दुसरे दिवशी व्यंकटराव पाटलांच्या कापसात वेचणीस गेल्या, तो पाटलांच्या कुटुंबाने, पार्वतीबाईंनी, बांधावर बसोन शेवट सांगितला की बाप रडला आणि पोर घरात गेली. दुसरी म्हणाली, पोरीने विहीर जवळ केली. तिसरीने तर बापालाच मारोन टाकिले, आणि मग अवघ्या बाया हसल्या. सुलाबाई हसल्या नाहीत. जन्मभर त्यांनी सगळे दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकले होते. पत्र दुसऱ्याने वाचावे, बाजारचा भाव दुसऱ्याने सांगावा, लहानपणी देवळातले कीर्तनही भिंतीबाहेर उभे राहोन कानावर येईल तेवढे घ्यावे. एवढा एक शेवट तरी आपल्या डोळ्यांनी पाहावा, इतकेच त्यांचे मागणे, आणि ते वर्षभर त्यांच्या पोटात जळत राहिले.

साल पालटले. तीच मोटार, तोच सिनेमा, तेच डबे घेवोन गावाबाहेरच्या माळावर मुक्कामास आली. हा माळ गाव आणि भीमनगर यांच्या बरोबर मध्ये. खबर लागताच सुलाबाईंनी आपले चिरंजीव चंद्रभान, जे पिंगळीच्या शाळेत मास्तर होते, त्यांस वकिली देवोन मोटारीकडे रवाना केले आणि जाताना तोंडी फर्मान दिले ते येणेप्रमाणे:

“आदी नको, मागून बी नको. त्यायला दिसंल तवाच आमाला दिसावं. आन् मला गोष्ट कुनी सांगू नका. मी बघनार हाय.”

मोटारीचे सरदार दत्तराव ऑपरेटर हे मसलतीचे गृहस्थ. या खेपेस त्यांच्यापाशी दुरुस्त होवोन आलेले दुसरे यंत्र होते, आणि ते चालवण्यास मोटारीचा ड्रायव्हरही होता. परंतु सिनेमा एकच, दोन पडद्यांवर एकदम कैसा चालावा? त्यांनी क्षणभर मिशीस हात लाविला आणि मनसुबा सांगितला की पहिला डबा मारुतीपुढे चालेल, तोवर भीमनगरात स्लाइडा दाखवाव्या, आणि मग डबा संपताच मास्तरांनी सायकलवरोन तो भीमनगरी पोचवावा, तोवर मारुतीपुढे दुसरा लागेल. दोन्ही पडदे एकाच घटकेस उजळतील, मग एकसमयी म्हणतात ते दुसरे काय? चंद्रभान मास्तरांस हिशेबात काही खटकले, परंतु दत्तराव इतक्या झपाट्याने बोलत की शंका काढण्यास सवड राहिली नाही. व्यंकटराव पाटलांनीही मान डोलावली, कारण त्यांचा पडदा पहिला होता.

दिवेलागणीस माळावरच्या मोटारीतोन दोन्हीकडे विजेच्या तारा ओढिल्या आणि दोन्ही पडदे उजळले. मारुतीपुढे गोदी दिसली. भीमनगरात ज्वारीवरची खोडमाशी दिसली, म्हशीएवढी. मग फवारणीचा पंप दिसला, मग लाल त्रिकोण आणि त्याखाली दोन लेकरांचे हसतमुख कुटुंब, आणि मग स्लाइडा सरल्या म्हणोन पुन्हा खोडमाशी. मंडळी मोठ्या सबुरीने माशी पाहात होती, इतक्यात मारुतीच्या दिशेने हास्याचा मोठा लोट आला. सगळ्यांनी तिकडे माना वळविल्या. काही वेळाने पुन्हा हास्य आले. मग मास्तर घामाघूम होवोन पहिला डबा घेवोन पोचले, यंत्र सुरू जाहले, आणि गोदीचा बाप चिखलात घसरोन पडला, तेव्हा भीमनगरात कोणीच हसले नाही. त्या पडण्याचे हसू आधीच येवोन गेले होते.

सुलाबाई जागच्या जागी ताठ जाहल्या. इकडे बाप चिखल झाडतो आहे, तो गावाकडोन अवघ्या बायांचा “अगं बाई” ऐसा हळहळीचा आवाज आला. म्हणजे तिकडे दुसऱ्या डब्यातले वाईट घडोन गेले होते, आणि ते इकडे अजोन घडावयाचे होते. त्यांनी पदराच्या गाठीतला वेचणीचा कापूस काढिला, त्याचे दोन बोळे केले आणि दोन्ही कानांत घातले. आणि मग कान बंद जाहल्यावर त्यांच्या ध्यानी आले की तिसरा डबाही आधी तिकडेच जाणार, गाव तो पाहोन मोकळे होणार, आणि शंभर तोंडांनी शेवट भीमनगरात येणार. कापूस कोठवर पुरणार?

तेव्हा कोणास न पुसता त्या उठल्या, अंधारातोन माळावर गेल्या. मोटार घुरघुरत उभी होती आणि तिच्या पायरीवर तिसरा डबा, पत्र्याचा, गोल, ठेविला होता. सुलाबाईंनी तो उचलोन जमिनीवर ठेविला, लुगडे सावरिले, आणि त्याजवर बैठक मांडिली.

मारुतीपुढे दुसरा डबा संपला. दत्तराव तिसरा नेण्यास आले, तो डबा वेढ्यात. त्यांनी मावशी म्हणोन विनंती केली, सरकारी मालाचे महत्त्व सांगितले, गावचे लोक खोळंबल्याचे सांगितले, आणि सुलाबाई समोर पाहात स्वस्थ राहिल्या, कारण त्यांस अक्षरही ऐकू येत नव्हते. दत्तरावांस हे ठाऊक नसल्याने त्यांनी सगळे दोनदा सांगितले. मागोमाग व्यंकटराव पाटील आले, त्यांच्यामागे गाव आले, आणि भीमनगरही धावोन आले. पाटलांनी हुकूम फर्माविला की डबा तात्काळ सोडावा. कापसाने तो हुकूम आत जाऊ दिला नाही. पाटलांचा आवाज चढत गेला आणि सुलाबाईंच्या चेहऱ्यावरची शांतता तेवढीच वाढत गेली, हे पाहोन गावातली काही मंडळी तोंड फिरवोन हसली. चंद्रभान मास्तर मायच्या पाठीशी जावोन उभे राहिले.

तेव्हा पार्वतीबाई गर्दीतोन पुढे आल्या. बायकांच्या नजरेस जे पडते ते पुरुषांच्या पडत नाही. त्या वाकल्या आणि आपल्या हाताने सुलाबाईंच्या कानातला बोळा काढिला. तो हात यापूर्वी तेथवर कधी गेला नव्हता. घाईत कोणी ते लक्षात घेतले नाही, म्हणोन येथे लिहोन ठेवितो.

“सुलाबाई, काय पायजे सांग की.”

“शेवट पायजे. तुमच्या संगं. तुमच्या मागून न्हाई.”

मग तहाची बोलणी सुरू जाहली. दत्तराव म्हणाले, डबा एक, तर पडदाही एकच करावा आणि सर्वांनी मिळोन त्यापुढे बसावे. हे ऐकोन गावच्या काही वडीलधाऱ्यांस खोकला आला. त्या खोकल्याचे कारण हजर असलेल्या प्रत्येकास ठाऊक होते. तह तेथेच मोडावयाचा. परंतु पार्वतीबाईंस शेवट पुन्हा पाहण्याची ओढ, आणि थंडीही वाजू लागली होती.

“त्यात काय एवढं,” त्या म्हणाल्या. “जत्रंच्या तंबूत आमी बाया पडद्याच्या मागूनच बघतोत. पडदा भिजवला की मागून बी लख्ख दिसतंय.”

येणेप्रमाणे कलमे ठरली. माळावर एकच पडदा उभारावा. यंत्र भीमनगरच्या बाजूस असावे आणि भीमनगराने पुढे बसावे, कारण त्यांनी या खेपेस दुसरा डबा पाहिलेला नाही. गावाने पाहिला आहे, तेव्हा गावाने मागे बसावे. आधी दुसरा डबा, मग तिसरा. व्यंकटराव पाटलांनी आपल्या हुद्द्यास शोभेल ऐसे एक कलम वाढविले की मागील बाजूस खाशांची बाजू म्हणावे. ते तात्काळ मान्य जाहले.

राहिले पाणी. जवळचा पंप भीमनगरचा. तेथील बायांनी घागरी आणिल्या आणि पडद्यावर रिचविल्या. पाणी आरपार गेले आणि पलीकडे पहिल्या रांगेत बसलेल्या खाशांच्या अंगावर उडाले. सगळे पाटलांकडे पाहो लागले. पाटलांनी उपरण्याने तोंड पुसिले आणि म्हणाले की पडदा सरकारचा, पंप सरकारचा, तेव्हा पाणीही सरकारचेच धरावे. खोकणाऱ्यांचा खोकला थांबला.

मग यंत्र फिरले. गोदीला शहरात ताप आला तेव्हा दोन्ही बाजूंनी एकदमच हळहळ उठली. तिने डॉक्टरास चुकोन मामा म्हटले तेव्हा एकदमच हसू आले, आणि पडद्याच्या दोन्हीकडोन आलेले ते हसू मध्यावर भेटल्यासारखे जाहले, इतके की दत्तराव दचकले. तिसरा डबा लागला. गोदी पेटी घेवोन दारात उभी राहिली. बाप बाहेर आला. मग त्याने हात पुढे केला, तिच्या हातची पेटी घेतली आणि आत गेला, आणि त्याच्यामागोन ती आत गेली. ते समयी ओल्या कापडापलीकडे पार्वतीबाईंनी नाक ओढिले, ते सुलाबाईंस स्पष्ट ऐकू आले, कारण त्याच क्षणी त्यांनीही ओढिले होते. सुलाबाई रडल्या. ते दुःखाचे रडे नव्हते.

दुसरे दिवशी कापसात सगळ्या बाया ओळीने वेचीत होत्या. पार्वतीबाई बांधावर आल्या, सवयीने गोष्टीस सुरुवात केली, आणि मग कोणासच सांगण्यासारखे काही उरले नाही हे उमजोन थांबल्या. थोड्या वेळाने मात्र खंतावोन म्हणाल्या की सगळे चांगले जाहले, परंतु बापाने पेटी डाव्या हाताने घेतली, ते काही बरे केले नाही. लेक घरी आली आणि डावा हात पुढे? घेतली खरी, पण मनातोन घेतली नाही. खाशांच्या बाजूच्या सगळ्या बायांनी तेच पाहिले होते आणि सगळ्या हळहळल्या.

सुलाबाईंनी वेचता हात थांबविला. काल पुढोन आपण काय पाहिले आणि मागोन त्यांस काय दिसले असेल, याचा त्यांनी मनाशी मेळ घातला. मग ओटीतला कापूस खाली ठेविला, कंबर सरळ केली, आणि पाटलीणबाईंच्या शेजारी बांधावर जावोन बसल्या.

“मागून उलटं दिसतंय, बाई. उजव्याच हातानं घेतली त्यानं. मी पुढून बघितलं,” त्या म्हणाल्या. “ऐका, शेवट मी सांगते.”

आणि अवघ्या बाया वेचणी सोडोन भोवती बसल्या आणि ऐकू लागल्या. येणेप्रमाणे मौजे निंबळवाडीची मोहीम फत्ते जाहली. तिसरा डबा मोटारीबरोबर पुढील गावी गेला. पडदा माळावर दोन काठ्यांस बांधोन उन्हात वाळत राहिला होता, तो दत्तरावांस न्यावयाचा विसर पडला. तो कोणाकडे ठेवावा यावर गावाचे आणि भीमनगराचे अद्याप एकमत नाही, आणि तोवर तो सुलाबाईंच्या घरी आहे.