डाव्या हाताची सही

जुन्या फायलींचं कपाट टपालबाबूच्या उजव्या खांद्यावर कोसळलं आणि हात सहा महिन्यांसाठी कामातून गेला. रजा बिनपगारी होती. पण संघटनेने भांडून मिळवलेला अपंगत्व विमा होता, त्यावर घर चाललं असतं. त्याने डाव्या हाताने अर्जावर सही ठोकली.

तिसऱ्या दिवशी अर्ज परत. "सही सेवापुस्तकातल्या सहीशी जुळत नाही," साहेब म्हणाले.

"हातच मोडलाय, साहेब. म्हणून तर अर्ज केलाय."

"मग उजव्या हाताने करा."

"ती करता आली तर विमा कोण देईल?"

"तेही खरंच," साहेब खुशीत म्हणाले. "अंगठा चालेल. निरक्षर असल्याचा दाखला तेवढा जोडा."

सव्वीस वर्षं सरकारी टपाल वाचून डोळे गेले, आणि आता हा दाखला! टपालबाबूचं डोकं सणकलं.

"आणा की दाखला," घरी बायको म्हणाली. "डबे रिकामे व्हायला लागलेत."

"उपाशी राहीन, पण अडाणी म्हणवून घेणार नाही."

"तुम्ही राहा. आम्हाला जेवायचंय."

तो तडक संघटनेच्या सेक्रेटरीबाईंकडे गेला. बाईंनी ऐकून घेतलं आणि चहा मागवला. दुसऱ्या दिवसापासून कार्यालयातल्या चाळीसच्या चाळीस जणांनी हजेरीपटावर डाव्या हाताने सह्या सुरू केल्या. पानावरून कोंबड्या फिरून गेल्यासारखं दिसायचं.

महिनाअखेरीस वरच्या कार्यालयाने पगारबिल परत धाडलं: सोबतच्या हजेरीपटावरची एकही सही जुळत नाही. त्याच बिलात साहेबांचाही पगार होता.

"काय पोरखेळ लावलाय, बाई?"

"सही कुठल्या हाताने करायची, तो नियम दाखवा. आम्ही लगेच थांबवतो."

साहेबांनी नियमपुस्तक दोनदा चाळलं. तसा नियमच नव्हता. शेवटी त्यांनीच पत्र लिहून दिलं, की डाव्या हाताची सही ग्राह्य धरावी. वरच्यांना तेवढ्याने समाधान नव्हतं. महिन्याभराच्या हजारएक सह्यांपुढे साहेबांना एकेक करून 'खरी आहे' असं लिहून सही करावी लागली. टपालबाबूने त्या पत्राची प्रत अर्जाला जोडली आणि विमा मंजूर झाला.

मंजुरीचा कागद दाखवायला तो बाईंकडे गेला, तर मागोमाग साहेब आले. उजवं मनगट सुजून टम्म, हात गळ्यात अडकवलेला.

"तो विम्याचा अर्ज... मलाही मिळेल का?"

"विमा सभासदांनाच असतो, साहेब," बाईंनी संघटनेचा फॉर्म पुढे सरकवला.

साहेबांनी दार लोटून घेतलं आणि डाव्या हाताने कशीबशी सही केली. टपालबाबूने वाकून पाहिली.

"होईल, साहेब. आठवडाभरात डावा हात बसतो."