पुजलेला पाना

गाडीच्या पुढच्या चाकाशी अंथरलेल्या गोणपाटावर नऊ वस्तू होत्या. बारा नंबरचे दोन पाने, दहा नंबरचा एक, पेचकस, पक्कड, टॉर्च, व्हर्निअर कॅलिपर, खडूचा तुकडा आणि चहाचा रिकामा कप. सुकन्यानं त्या दोनदा मोजल्या. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करताना तिला ही सवय लागली होती. काम सुरू करण्याआधी काय आहे ते मोजून ठेवलं, की काम बिघडल्यावर काय गेलं ते कळतं.

गाडी निळी, जुनी आणि ऑटोमॅटिक होती. उदगीरच्या त्या गल्लीत ऑटोमॅटिक गाडी दुसऱ्या कुणाकडे नव्हती आणि असण्याचं कारणही नव्हतं. सुकन्याच्या आईकडे, महादेवीबाईंकडे ते होतं. तीस वर्षं शिलाई मशीन मारून त्यांचा डावा गुडघा झिजला, डॉक्टरांनी तो बदलला आणि क्लच दाबायला मनाई केली. दुसऱ्या कुणी गाडीचा नाद सोडला असता. महादेवीबाईंनी क्लच सोडला. हैदराबादच्या कुणा डॉक्टरची ही गाडी घेतली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी लायसन काढलं.

याच्या मुळाशी जळकोटचा सिद्रामप्पा मामा होता. एका लग्नात भर पंगतीत तो बहिणीला म्हणाला होता, "म्हादेवी, मशीनीचं चाक आन् गाडीचं चाक एक नसतंय. तू गाडी हाणत जळकोटाला आलीस, तर येशीपासून दारापतुर गाडीम्होरं उलटा चालत जाईन मी!" पंगत हसली. महादेवीबाईही हसल्या, पण त्यांनी मठ्ठा घेतला नाही, यावरून सुकन्याला प्रकरण कळलं होतं. आता दसऱ्यानंतर मामा मुलाकडे बेंगळुरूला कायमचा राहायला चालला होता. वेस आणि मामा एका ठिकाणी सापडण्याचा हा शेवटचा दसरा, आणि तो उद्यावर आला होता.

अडचण एकच होती. गाडी पहिला गिअर लवकर सोडत नसे. वेग चाळीसच्या पुढे जाईपर्यंत ती पहिल्यातच बोंबलत राही. महादेवीबाई भाजी आणायला निघाल्या की गल्लीतली माणसं म्हणत, "निघाल्या बाई."

"आसं बोंबलत गेले तर आण्णा येशीत न्हाई, छपरावर चढून हसंल," महादेवीबाई भावाबद्दल म्हणाल्या होत्या.

म्हणून सुकन्या खंडेनवमीच्या सकाळी बॉनेट उघडून उभी होती. गेला आठवडाभर तिनं या गिअरबॉक्सचा अभ्यास केला होता आणि ती त्याच्या प्रेमात पडली होती. आत कॉम्प्युटर नाही, काही नाही. सगळा विचार तेलाच्या दाबावर चालतो. अॅक्सिलरेटरकडून एक बारीक केबल गिअरबॉक्सपर्यंत जाते आणि पाय किती दाबलाय ते त्याला सांगते. केबल ताठ असली की गिअरबॉक्सला वाटतं, बाई घाईत आहेत. मग तो पहिला गिअर सोडत नाही. सैल असली की वाटतं, बाई निवांत आहेत. मग दुसरा चटकन टाकतो. केबलचं वेष्टण एका पट्टीवर दोन नटांच्या मध्ये धरलेलं होतं. दोन्ही नट ढिले करायचे, वेष्टण जरासं सरकवायचं, परत आवळायचे. बस.

तिनं मूळ जागेवर खडूनं खूण केली आणि दोन्ही नट ढिले केले.

"सुकन्या, भाकर खाऊन घे!" आतून हाक आली.

ती भाकरी खायला गेली. परत आली तेव्हा गोणपाटावर दोन वस्तू होत्या. खडू आणि कप.

"अप्पा!"

देवघरासमोर तिचे वडील, शिवलिंगअप्पा, पाटावर मांडामांड करत होते. विळी, कात्री, कुऱ्हाड, शिलाई मशीनच्या सुया, सुकन्याचा लॅपटॉप आणि मधोमध, हळदीकुंकू लावलेले, झेंडूचं एकेक फूल डोक्यावर घेतलेले तिन्ही पाने.

"अप्पा, माझा पाना!"

"पुजला."

"आन् व्हर्निअर?"

"पुजलं की. चांगलं हाय गं ते, किती बारीक काम!"

"टॉर्च कशाला?"

"सेलवर चालतंय न्हवं? मंजी हत्यारच."

"पण माझं काम अर्धवट राहिलंय. पाच मिनिटं द्या फक्त."

शिवलिंगअप्पांनी कानाला हात लावला. "वरीसभर राबतात बिचारी. आज त्यांची सुट्टी. सीमोल्लंघन करून आलो की उचल."

"सीमोल्लंघन मंजी उद्या जळकोटला जायचं तेच ना?"

"हाव."

"आन् जळकोटला जायला गाडी नीट पाहिजे. ती नीट करायला पाना पाहिजे."

"हाव की. जाऊन आलीस की घे पाना."

सुकन्यानं या युक्तिवादात फट शोधली. तो वर्तुळासारखा होता, फट कुठेच नव्हती. निदान केबल होती तिथे परत नेऊन बोटांनी आवळावी, बोंबलत तर बोंबलत जाऊ, असं ठरवून ती गाडीकडे वळली. बॉनेटखाली सगळं लख्ख होतं.

"गाडी बी धुतली मी," अप्पा मागून म्हणाले. "आतून बी. कुणी तरी खडूनं रेघोट्या मारल्या व्हत्या."

मग ती पाना शोधायला निघाली. शेजारच्यांचा पाना पाटावर होता. पंक्चरवाल्यानं जॅकला हार घातला होता. हरिओमच्या गॅरेजात पान्यांची आरास एवढी सुंदर होती, की मागायला आलेल्या सुकन्यानं आधी फोटोच काढला. शेवटी ती रशीदभाईंच्या गॅरेजात गेली. तिथे तरी आशा होती. रशीदभाई रिकाम्या गॅरेजात खुर्ची टाकून चहा पीत होते. समोर टेबलावर झेंडूच्या ढिगात पान्यांची टोकं दिसत होती.

"चाचा, तुम्ही पण?"

"कामावरच्या गड्यांची पूजा हाय, बेटा. वीस वरीस झाले, आपुन मोडली न्हाई. आन् खरं सांगू का, आज मला बी आराम भेटतो." त्यांनी तिला चहा पाजला. "बोटानं आवळ. हळू गेलात तर जाल."

उदगीरभर एक पाना मोकळा नव्हता. चिडायला निघालेली सुकन्या परतताना मात्र दारोदारचे पुजलेले पाट बघत आली. एवढ्या लोखंडाला एकाच दिवशी सुट्टी देणारं गाव तिला मनातून आवडलं होतं. ते तिनं अप्पांना सांगितलं नाही.

घरी येऊन तिनं अंदाजानं केबल सरकवली आणि नट बोटांनी आवळले. बोटांच्या सालपटांचा हिशेब वेगळा.

दसऱ्याला दुपारी गाडी निघाली. महादेवीबाई नवी इरकल नेसून स्टिअरिंगवर बसल्या होत्या, शेजारी सुकन्या, मागे आपट्याच्या पानांची पिशवी घेऊन शिवलिंगअप्पा. कोपऱ्यावर गाडीनं पंचविसाला, लोण्यात सुरी जावी तसा, दुसरा गिअर घेतला.

"आगं बाई!" महादेवीबाई म्हणाल्या. "कळलं बी न्हाई."

गल्लीलाही कळलं नाही. पहिल्यांदाच कुणी "निघाल्या बाई" म्हणालं नाही.

पुढचा काही रस्ता सुकन्या आईचा पाय बघत होती. तीस वर्षं पायानं कापड पुढे सारलेली बाई अॅक्सिलरेटरही तसाच दाबत होती, एका लयीत, कुठे धसका नाही. असा एकसारखा पाय प्रयोगशाळेतल्या यंत्राला लावला असता, तर सुकन्याचा प्रबंध वेळेत झाला असता.

मग दुसरा गिअर विसाला पडला. पुढच्या गावाबाहेर पंधराला. सुकन्याचा चेहरा उतरत गेला. खड्ड्यांनी नट ढिले होत होते, केबल सैल पडत होती आणि गिअरबॉक्सला बाई अधिकाधिक निवांत वाटत होत्या. जळकोटच्या अलीकडच्या चढावर त्यानं बाई झोपल्याच आहेत असं समजून थेट वरचा गिअर टाकला. गाडी धापा टाकू लागली, थरथरली आणि कडेच्या लिंबाखाली थांबली.

बॉनेट उघडलं. दोन्ही नट मजेत लोंबत होते.

"अप्पा, बघा. एक पाना आणला असता तर?"

"मी कुठं म्हणलं रस्त्यात बंद पाड म्हणून?"

"बोटं चालतात ना? का ती बी हत्यारं?"

शिवलिंगअप्पांनी प्रामाणिकपणे विचार केला. "बोटाला काल कुंकू लावलं न्हाई मी. चालतेत."

सुकन्यानं वेष्टण धरलं आणि नट फिरवला. चढानं गाडी थकली होती, तशी तिची बोटंही. नट अर्ध्यावर अडला.

"सरक," महादेवीबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, नटावर रुमाल टाकला आणि चिमटीत धरला. जीन्सचे सहा पदर कात्रीनं कापणारी चिमटी ती. नट कुरकुरला आणि मुकाट फिरला. "सांग, कुठवर?"

"अजून... अजून थोडं... बास! आता दुसरा. पण आव्वा, हे परत ढिलं होणार. नटाच्या मागं काहीतरी भरायला पाहिजे, आट्यांवर. तुझ्या पर्समध्ये..."

"सुई न्हाई. ह्यांनी पुजली."

"सुई नको. दोरा!"

पर्समधून निळ्या दोऱ्याचं रीळ निघालं. सुकन्यानं नटामागच्या उघड्या आट्यांवर तो घट्ट गुंडाळायला घेतला, वेढ्याला वेढा लावून.

"थांब," अप्पा म्हणाले. त्यांनी रीळ निरखून बघितलं. "दोरा हत्यार न्हाई," त्यांनी निकाल दिला. "गुंडाळ." आणि दोरा तोडायला कात्री नाही हे लक्षात येताच त्यांनी स्वतः पुढे वाकून तो दातानं तोडला.

चढावर गाडी खालच्या गिअरमध्ये घट्ट राहिली. माथ्यावर दुसरा गिअर पंचविसाला पडला. सुकन्यानं पुन्हा बघितलं, वेग कमी करून परत वाढवायला सांगितलं. पंचवीसच. "आव्वा!" ती ओरडली, "पंचवीस!"

"मला काय सांगतीस, पायाला कळालं की," महादेवीबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे रस्त्यावर होते आणि कान लाल झाले होते.

उन्हं कलताना वेस आली. सिद्रामप्पा मामा तिथे पारावर बसला होता, दहा-पंधरा माणसांत. कुणीतरी फोन केला असणार. असल्या बातम्या पान्यासारख्या सुट्टीवर जात नाहीत. निळी गाडी बघून मामा उठला. स्टिअरिंगवर कोण आहे ते त्यानं हाताचा आडोसा करून बघितलं. मग मागे बसलेल्या शिवलिंगअप्पांना बघितलं, म्हणजे संशयाला जागा उरली नाही.

"आण्णा," महादेवीबाई काच खाली करून म्हणाल्या, "गंमत झाली ती. बस गाडीत."

"सरळ बघ म्होरं," मामा म्हणाला. त्यानं टोपी सारखी केली आणि गाडीसमोर, गाडीकडे तोंड करून उभा राहिला. लाडात आला की तो बहिणीला कानडीत हाक मारी. "ये, तंगी. ये म्हणतो न्हवं?"

आणि त्यानं पहिलं पाऊल मागे टाकलं.

महादेवीबाईंनी ब्रेकवरचा पाय हलका केला. गाडी आपोआप, माणसाच्या चालीनं पुढे सरकू लागली. उलट्या चालणाऱ्या मामाला सगळं गाव वाट सांगू लागलं. "मामा, डावीकडं गटार हाय!" "मामा, म्हस!" "आरं, म्हस हटवा, म्हातारा न्हाई थांबायचा!" मामानं एकदाही मागे वळून बघितलं नाही. तो बहिणीकडे बघत होता. मारुतीच्या देवळापाशी तो अडखळला, महादेवीबाईंचा पाय क्षणात ब्रेकवर गेला, आणि गाडी त्याच्या धोतरापासून वीतभर अंतरावर थांबली.

"आगं, लई झ्याक थांबवलीस!" मामा ओरडला आणि परत मागे चालू लागला. महादेवीबाईंना समोरचं नीट दिसेना. सुकन्यानं हात लांब करून पदरानं त्यांचे डोळे पुसले, कारण त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

दारात मामीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. शिवलिंगअप्पांनी मामाच्या हातात सोनं दिलं. सुकन्यानं वेशीपाशी शून्य करून ठेवलेला अंतराचा काटा बघितला.

वेशीपासून दारापर्यंत सहाशे मीटर. या संपूर्ण अंतरात गाडीनं गिअर एकदाही बदलला नाही.