निबंधातले बाबा

"तुझा निबंध म्हणजे कवळी आहे," स्पॅनिशच्या बाई म्हणाल्या. "सगळे दात जागच्या जागी, एकही वाकडा नाही. पण चावत नाही!"

वर्ग हसला. जिला हे ऐकवलं तीही हसली, कारण दिवसभर ती खरोखरच कवळ्या बनवत असे. मेणात एकेक दात बसवायचा, प्लास्टरचा साचा फोडायचा, घासूनपुसून चकचकीत करायचं, आणि संध्याकाळी हातांचं प्लास्टर खरवडत स्पॅनिशच्या वर्गाला पळायचं, असा तिचा दिनक्रम होता. त्यामुळे बाईंचं बोलणं तिला जरा जास्तच कळलं.

पण हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. स्पॅनिश बोलणाऱ्या एका देशातल्या मोठ्या दंतप्रयोगशाळेने तिला शिकायला बोलावलं होतं. अट एकच, स्पॅनिशची परीक्षा पास हवी. मागच्या खेपेला ती बाकी सगळ्यात पास होऊन निबंधात आपटली होती. आता शेवटची संधी होती, कारण तिच्यासाठी ठेवलेली जागा त्यापुढे दुसऱ्याला जाणार होती. शिवाय परीक्षेला कोणाला बसवायचं आणि कोणाला नाही, हे बाईंच्या हातात होतं.

"विषय बहुतेक तोच येणार," बाई म्हणाल्या. "तंत्रज्ञान आणि माणसाची सर्जनशीलता. आधी एक बाजू मांडा, मग दुसरी. शेवटी थोडी आशा दाखवा. आणि मधे स्वतःच्या आयुष्यातलं एक उदाहरण हवंच. तुझ्या निबंधात यंत्रं भरपूर आहेत, पण माणूस एकही नाही. घरातलं कोणीतरी घाल."

ती घरी आली आणि घरातलं कोण घालावं याचा विचार करू लागली. घरात होते आई आणि बाबा. बाबांनी उभा जन्म पाण्याचे मीटर दुरुस्त करण्यात घालवला होता. बंद पडलेलं मीटर ते कानाशी धरत, दोन टिचक्या मारत आणि त्याचं दुखणं सांगत. तेवढ्यासाठी लांबून लांबून बोलावणी येत. एवढं हाताशी असताना खरं तर प्रश्न सुटायला हवा होता. पण पाण्याच्या मीटरला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते तिला येत नव्हतं, आणि परीक्षेत शब्दकोश चालत नाही.

परकी भाषा शिकणाऱ्याचं एक असतं. त्याला जे शब्द येतात तेच त्याचं आयुष्य होऊन बसतं. वर्गातल्या गोदामवाल्या गृहस्थांची बायको बुटकी आणि तापट होती, पण निबंधात ती दर वेळी उंच, शांत आणि हिरव्या डोळ्यांची असे, कारण धड्यात तेवढीच विशेषणं आली होती. आपल्या कवळीवालीचंही तेच झालं. व्हायोलिनला स्पॅनिशमध्ये साधारण व्हायोलिनच म्हणतात हे तिला ठाऊक होतं. तिने लिहून टाकलं, 'माझे बाबा रोज संध्याकाळी व्हायोलिन वाजवतात. यंत्र त्यांच्यापेक्षा अचूक वाजवेल. पण बाबा जिथे चुकतात, तिथे आई हातातलं काम थांबवते आणि हसते. ती चूक कुठलं यंत्र करणार?'

बाईंनी तो निबंध वर्गात मोठ्याने वाचला आणि शेवटाला चक्क चष्मा काढून पुसला.

"हा निबंध!" त्या म्हणाल्या. "याला म्हणतात खरं. खरं लिहिलं की असं काळजाला भिडतं, बघा."

तिने मान खाली घातली. वर्गाला वाटलं, लाजली.

पुढे जे झालं ते तिच्या पाठीमागे झालं. सत्र संपताना वर्गाचं एक छोटं संमेलन असे. बाईंनी तिच्या घरी फोन लावला आणि तो बाबांनी उचलला. ती कामावरून आली तेव्हा बाबा आरशासमोर उभे राहून मान डावीकडे झुकवत होते.

"मान आखडली का, बाबा?"

"तुझ्या बाईंचा फोन होता. व्हायोलिन वाजवायला बोलावलंय."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"येतो म्हणालो."

"बाबा! तुम्हाला व्हायोलिन येतं का?"

"नाही येत. पण मी वाजवतो असं तू लिहिलंस ना? मी नाही म्हणालो असतो तर तू खोटी पडली असतीस. मग त्या तुला परीक्षेला बसवतील?" मान सरळ करत बाबा म्हणाले, "आणि खरं सांगू का? आजवर मला ज्याने त्याने फोन केला तो मीटर बंद पडलं म्हणून. आज पहिल्यांदाच कोणीतरी म्हणालं, तुमच्यासारखा कलावंत आमच्याकडे येणं हे आमचं भाग्य. तोंडातून 'नाही' निघेचना गं."

बाईंना जाऊन खरं सांगून टाकावं, असं तिने त्या आठवड्यात अनेकदा ठरवलं. पण प्रत्येक वेळी बाई समोर येऊन आधीच विचारत, "बाबांची तयारी कशी चाललीय?" आणि तिच्या तोंडून "जोरात" एवढंच निघे. ते मात्र अगदी खरं होतं.

शेजाऱ्यांच्या मुलीने लहानपणी शिकून सोडून दिलेलं एक व्हायोलिन कपाटावर धूळ खात पडलं होतं. ते बाबांनी मागून आणलं. ते मुलांच्या मापाचं होतं आणि बाबा चांगले दाराला डोकं लागेल एवढे धिप्पाड. हनुवटीखाली धरलं की वाद्य जवळजवळ दिसेनासं होई. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी तारांवरून गज ओढला, तसे खालच्या मजल्यावरचे आजोबा जिना चढून आले.

"पाण्याच्या पंपाचं काहीतरी बिघडलंय," आजोबा म्हणाले. "तुम्ही जरा बघता का? तुम्हाला कळतं त्यातलं."

बाबांनी व्हायोलिन पाठीमागे लपवलं आणि बघतो म्हणाले. पुढचे काही दिवस त्यांनी गज ओढला की आजोबा पंपाची चौकशी करत आणि बाबा थांबले की पंप सुधारल्याबद्दल आभार मानत. शेवटी आईने कानातला कापूस काढला आणि सूत्रं हाती घेतली.

"हे असं नाही जमायचं," ती म्हणाली. "फोनवर कोणीतरी छान वाजवलेलं लावा आणि फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. तुम्ही नुसता हात हलवा."

"आणि गजाचा आवाज?"

"गजाच्या केसांना साबण चोळा. तारेवर घसरेल, आवाज येणार नाही. दाराच्या बिजागरीला चोळता तेव्हा नाही का कुरकुर थांबत!"

"आई, हे फसवणं झालं," मुलगी कळवळून म्हणाली.

"अगं, फसवणं तू लिहिलंस तेव्हाच झालं. आता आम्ही नुसतं निस्तरतोय."

आईचं म्हणणं बरोबर होतं, हीच तर अडचण होती.

संमेलनाला वर्गातले बाक भिंतीला लावले होते. गोदामवाले गृहस्थ सपत्नीक आले होते आणि सगळे जण त्यांच्या बायकोचे डोळे निरखत होते. बाबांनी कोटावरून हात फिरवला, तेवढ्यात आतलं बटण दाबलं, ते छोटंसं व्हायोलिन हनुवटीखाली खुपसलं आणि डोळे मिटले.

संगीत सुरू झालं. एवढा मोठा माणूस आणि एवढंसं वाद्य बघून आधी जे हसले ते दोन मिनिटांत गप्प झाले. साबण लावलेला गज वर-खाली सरकत होता, बाबांच्या भुवया सुरांबरोबर चढत-उतरत होत्या. बाईंनी पुन्हा चष्मा काढला. आईने मुलीचा हात दाबला. सूर शेवटाला येऊन अलगद थांबला, बाबांनी गज खाली घेतला, टाळ्यांसाठी हात वर झाले, आणि बाबांच्या छातीतून एक गोड बाईमाणसाचा आवाज आला.

"छान! आता हाच भाग आपण पुन्हा सावकाश वाजवू. डावा कोपर थोडा आत घ्या."

आणि बाबांनी घेतला. तेवढ्या दिवसांत त्यांनी तो धडा इतक्यांदा ऐकला होता, की विचार करायच्या आधीच कोपर आत गेला.

"खांदे सैल सोडा," छाती पुढे म्हणाली. "चुकलं तरी घाबरू नका. सुरुवातीला सगळ्यांचं चुकतं."

टाळ्यांसाठी वर गेलेले हात तसेच राहिले. मुलीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. परीक्षा, प्रयोगशाळा, सगळं डोळ्यांसमोर बुडालं. बाबांनी खिशातून फोन काढला, बंद केला आणि व्हायोलिन टेबलावर ठेवलं.

"बाई, पोरीला बोल लावू नका," ते म्हणाले. "मी व्हायोलिन वाजवत नाही. मी पाण्याचे मीटर दुरुस्त करायचो. तिला त्याचा स्पॅनिश शब्द येत नव्हता म्हणून तिने येतो तो लिहिला. तुम्ही बोलावलंत तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. पण माझ्यापायी तिची परीक्षा बुडू नये असं वाटलं, आणि तीच बुडवून बसलो."

"साबण माझा होता," मागून आई म्हणाली.

बाईंचे खांदे हलायला लागले. रडताहेत असं वाटून कोणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. पण बाई हसत होत्या, चांगल्या पोट धरून. हसू आवरल्यावर त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, मेदिदोर दे आग्वा.

"पाण्याचं मीटर," त्या तिला म्हणाल्या. "घे. आता खोटं लिहायला सबब उरली नाही. परीक्षेला बस." मग गोदामवाल्यांच्या बायकोकडे बघून त्या म्हणाल्या, "आणि तुमच्या नवऱ्याला मी उद्या 'बुटकी' शिकवते."

परीक्षेत विषय आला तो अपेक्षेप्रमाणेच. तंत्रज्ञानामुळे माणसाची सर्जनशीलता संपेल का? तिने क्षणभर डोळे मिटले आणि मग जे घडलं ते तसंच्या तसं लिहीत गेली. खिशातला फोन एकदाही चुकला नाही, असं लिहिलं. पण गजाला साबण चोळायची कल्पना फोनला सुचली नव्हती, ती आईला सुचली. आणि लेकीचं खोटं सावरायला चारचौघांत एवढंसं व्हायोलिन घेऊन उभं राहायचं, हे बाबांना कोणी शिकवलं नव्हतं. सुंदर सूर यंत्र काढेल, पण दुसऱ्यासाठी स्वतःचं हसं करून घ्यायला माणूसच लागतो, आणि असा माणूस जोवर घरात आहे तोवर मला यंत्राची भीती नाही. लिहिताना तिचे डोळे भरून आले. या निबंधात एकही शब्द खोटा नव्हता.

उत्तरपत्रिका दूर देशी तपासायला गेल्या. निकाल आला त्या दिवशी तिघंही जेवणाच्या टेबलाशी फोनवर वाकून बसले होते.

"पास!" ती ओरडली. "बाबा, निबंधात सगळ्यांत जास्त गुण!"

आईने तिला मिठी मारली. बाबांनी डोळे पुसले आणि मग म्हणाले, "खाली काहीतरी लिहिलंय परीक्षकांनी. वाच ना."

तिने मनातल्या मनात वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग हसू दाबत मोठ्याने वाचून दाखवलं. "भाषा जिवंत, मांडणी उत्तम. व्हायोलिनवाल्या वडिलांचं काल्पनिक पात्र फारच सुरेख रंगवलं आहे. मात्र अशा निबंधात कल्पनेपेक्षा खऱ्या आयुष्यातलं उदाहरण द्यावं."

आईला हसता हसता ठसका लागला. बाबा मात्र उठून उभे राहिले.

"म्हणजे? खोटं लिहिलंस तेव्हा बाई रडल्या, आणि खरं लिहिलंस तर मी काल्पनिक? साबण काल्पनिक? माझा कोपर काल्पनिक?"

"बाबा, त्यांना काय माहीत..."

"माहीत नाही तर विचारायचं एकदा! माणूस इथे जिताजागता बसलाय!" बाबा खोलीत दोन फेऱ्या मारून आले. तिच्या हातातला फोन घेऊन त्यांनी त्या न कळणाऱ्या ओळी नीट निरखल्या. मग त्यांचा आवाज हळूच खाली आला.

"पण पास झालीस ना नक्की?"

"झाले, बाबा."

"मग राहू दे मला काल्पनिक," बाबा म्हणाले. "तू बॅग भरायला घे."