टॉमी आणि ‘हरसेल्फ’

टॉमी समुद्र बघायला जातो आणि गाडीतनं उतरत नाही. लाटांकडं तोंड करून गाडी लावायची, काचा वर करायच्या, थर्मासमधला चहा प्यायचा, सँडविच खायचं आणि घरी यायचं. पावसातच नव्हे, लख्ख ऊन असलं तरी हेच. "उतरून काय करायचं? समुद्र काय तिकडनं वेगळा दिसतो?" म्हणतो.

हा माझ्या पोराचा स्लायगोमधला शेजारी. आयर्लंडच्या पार पश्चिमेच्या कडेला हे गाव. आमचा संदीप इथं दवाखान्याची उपकरणं करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. माझी बायको गेल्यावर त्यानं मला इथं आणलं. मी सांगलीकडचा, सातवी शिकलेला, इंग्रजी नावापुरतं. टॉमीचं इंग्रजी तर संदीपलाही अर्धंच कळतं.

टॉमी सत्तरीच्या पुढचा. गाडी चालवताना समोरनं येणाऱ्या प्रत्येकाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करतो. ट्रॅक्टरला करतो, पोस्टमनला करतो. एकदा गाईला केला. संदीपनं विचारलं तर म्हणाला, "नाही केला आणि मालकाला कळलं तर वाईट वाटेल." पाऊस भुरभुरत असला की याचा ‘सॉफ्ट डे’, म्हणजे मऊ दिवस. आमच्याकडं असल्या दिवसाला शिव्या घालतात. बाकी सगळं ‘ग्रँड’, म्हणजे झकास. चहा ग्रँड, गुडघा ग्रँड, वादळात शेडचं छप्पर उडालं तेही ग्रँड.

रोज सकाळी कुंपणापाशी मला गाठून विचारायचा, "हाऊज हरसेल्फ?" हरसेल्फ म्हणजे बायको, हे मला लगेच कळलं. आमच्यातही बायकोचं नाव घेत नाहीत, ‘ही’ म्हणतात. पण ही गेली, ते इंग्रजीत कसं सांगायचं मला जमेना. म्हणून त्याच्याकडनंच शिकलेला एक शब्द द्यायचो, "ग्रँड." तो मान हलवायचा आणि आपल्या वाटेनं जायचा.

गेल्या रविवारी तो आम्हा दोघांना मुलॅमोरला घेऊन गेला. तिथं लाटा कड्यावर अशा आपटतात की पाणी रस्त्यावर येतं. मागं बेनबुलबेनचा डोंगर, वरनं सपाट, गवंड्यानं थापी फिरवल्यासारखा. टॉमीनं गाडी लावली, काचा वर केल्या. चहा ओतता ओतता विचारलं, "हाऊज हरसेल्फ?"

"ग्रँड," मी म्हणलं.

मागं बसलेला संदीप खायचा थांबला. "आबा, आई बरी आहे म्हणून सांगताय ह्याला?"

"मग काय सांगू? इंग्रजी तुला येतं, तू सांग."

"सांगायला काय राहिलंय? तुम्ही यायच्या आधीच मी सांगितलंय त्याला, आई गेली म्हणून."

मी टॉमीकडं बघितलं. तो लाटा बघत होता.

"मग रोज विचारतो कशाला? थट्टा लावलीय माझी? विचार त्याला." मला रागच आला होता. म्हणलं, उद्यापासनं कुंपणाकडं फिरकायचं नाही.

संदीपनं विचारलं. टॉमीनं हातातला कप फिरवला. मग हळू बोलला. ते संदीपनं मला मराठीत सांगितलं.

"आबा, तो म्हणतो, त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. पहिले काही दिवस लोक येऊन गेले. मग तिचं कुणी विचारलंच नाही. समोर दिसला की हवेचं बोलायचे, मॅचचं बोलायचे. म्हणतो, कुणी रोज विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. म्हणून तुम्हाला विचारतो."

गाडीच्या काचांवर आतनं वाफ धरली होती. समुद्र दिसेनासा झाला होता.

"त्याच्या बायकोचं नाव काय होतं, विचार," मी म्हणलं.

"नोरा," टॉमी म्हणाला. मग माझ्याकडं बघत थांबला.

पोरासमोर मी हिचं नाव कधी घेतलं नव्हतं. "शेवंता," म्हणलं.

"शव्हाँटा," टॉमी म्हणाला.

मी मान हलवली, तसं नाही. त्यानं कप खाली ठेवला आणि पुन्हा म्हणून बघितलं.