वेदीपाशी ठेवलेला कोंबडा

शांतवन उजागरे यांनी शिष्यत्व मनावर घेतलं आणि घरातल्यांचे हाल सुरू झाले. दर गुरुवारी चर्चच्या मंडळीच्या वर्गाला जायचं, बायबलमधलं एक वचन निवडायचं आणि आठवडाभर ते अक्षरशः पाळायचं, असा त्यांचा नेम होता. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, या वचनाच्या आठवड्यात त्यांनी घरातल्या दोन रेनकोटांपैकी एक देऊन टाकला. तो त्यांच्या पत्नीचा, नम्रताबाईंचा होता. कोणी एक कोस न्यायला लावलं तर दोन कोस जावं, या वचनाच्या आठवड्यात करी रोडचा पत्ता विचारणाऱ्या एका गृहस्थाला त्यांनी हाताला धरून त्याच्याही पुढे चिंचपोकळीपर्यंत नेलं. गृहस्थाने वाटेत दोनदा सुटायचा प्रयत्न केला.

एक वचन मात्र ते शिताफीने टाळत आले होते. वेदीपाशी दान आणल्यावर आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेवावं आणि आधी जाऊन समेट करावा, असं ते वचन. टाळण्याचं कारण होतं स्टीलचं एक ताट.

लालबागच्या त्यांच्या चाळीत शेजारच्या खोलीत कुशाबा राहत. गिरणीतून निवृत्त झालेले, मालवणकडचे. त्यांची बायको रखमा होती तोवर गणपतीला तिकडून मोदक यायचे, नाताळाला इकडून करंज्या-चकल्या जायच्या. रखमा गेली, आणि दुखवट्याचं घर म्हणून त्या नाताळात नम्रताबाईंनी काही पाठवलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या आईचं नाव कोरलेलं ताट भरलं आणि शांतवनरावांच्या हातात दिलं. नेमकं त्याच आठवड्यात शांतवनरावांनी, गॅलरीतली कुशाबांची आरामखुर्ची वाटेत येते, अशी चाळ कमिटीकडे तक्रार करून ती हलवायला लावली होती. कोणत्या तोंडाने दार वाजवणार? ते ताट घेऊन तसेच जिना उतरले आणि परळच्या हॉस्पिटलात, आपल्या कामावर गेले. फराळ लॅबमध्ये संपला. ताट लॉकरमध्ये राहिलं. घरी त्यांनी सांगितलं, "दिलं."

ताट परत आलं नाही, म्हणून नम्रताबाईंनी कुशाबांशी बोलणं सोडलं. ताट आलंच नाही, म्हणून कुशाबांनी उजागऱ्यांशी बोलणं सोडलं. दोन घरांचा बारा-पंधरा वर्षांचा जिव्हाळा एका लॉकरमध्ये बंद होता, आणि किल्ली शांतवनरावांच्या खिशात होती.

नोव्हेंबरात मंडळीत हंगामाचा सण आला. या दिवशी प्रत्येकाने काहीतरी आणून वेदीपाशी ठेवायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव व्हायचा. कोणी भोपळा आणला होता, कोणी तांदूळ, कोणी केक. शांतवनरावांनी पिशवीत घालून एक गावठी कोंबडा आणला होता. दाराशी सॉलोमनमामा उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करणं हे त्यांचं ठरलेलं काम.

"काय शांतवन, घरीदारी, शेजारीपाजारी सगळं ठीक?"

"सगळं ठीक," शांतवनराव म्हणाले, आणि पिशवीतून कोंबडा आरवला.

आजूबाजूचे हसले. शांतवनरावांचा चेहरा मात्र उतरला. गुरूला नाकारणारा शिष्य, आरवणारा कोंबडा आणि मग त्या शिष्याचं ते ढसाढसा रडणं ही गोष्ट त्यांनी रविवारच्या शाळेत वीस वर्षं शिकवली होती. त्यांनी कोंबडा वेदीच्या पायरीला बांधला, एका कागदावर लिहिलं, 'शेजारच्या कुशाबांचं माझ्याविरुद्ध काही आहे. मिटवून येतो. तोवर कोंबडा सांभाळावा. शां. उजागरे.' चिठ्ठी कोंबड्याच्या दोरीला अडकवून ते निघाले. गायनमंडळात पांढरी साडी नेसून उभ्या असलेल्या नम्रताबाईंना वाटलं, कोंबड्यासाठी दाणे आणायला गेले असतील.

कुशाबा गॅलरीत स्टुलावर बसले होते. "काय रे, आज तुमचा चर्च बंद?" वर्षभरातलं हे पहिलं वाक्य.

शांतवनरावांनी आधी खुर्चीची माफी मागितली. कुशाबा म्हणाले, ती मोडलेलीच होती, गेली ते बरं झालं. एवढ्यावर सुटलो असं वाटून शांतवनरावांना उत्साह आला, आणि मन पूर्ण साफ करायचं म्हणून त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगून टाकल्या. कुशाबा उठायच्या आत त्यांचं वर्तमानपत्र ते रोज वाचून परत ठेवत असत, आणि गॅलरीतली कपड्यांची दोरी त्यांनी वीतभर इकडे सरकवली होती. यातलं काहीच कुशाबांना माहीत नव्हतं.

"म्हणजे घडी तू मोडतंस? नि मी दोन पेपरवाले बदललंय." कुशाबा उठले आणि दोरीच्या खिळ्यापासून भिंतीपर्यंत विती मोजू लागले. समेट करायला आलेल्या माणसाने तीन मिनिटांत दोन नवी भांडणं तयार केली होती.

मग मात्र शांतवनरावांनी ताटाचं सांगितलं. कुशाबांचा हात दोरीवरच थांबला.

"रखमा गेली, नि तुमचा ताट पण गेला. दोन नाताळ मी दाराकडे बघत बसलंय. माका वाटला, तुमच्या लेखी मी पण मेलंय."

शांतवनरावांना आता रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. कुशाबांनी त्यांना पाणी दिलं. थोड्या वेळाने हळूच विचारलं, "करंज्यो बऱ्यो झालेल्यो?"

"छान झाल्या होत्या."

"म्हणजे तूच खाल्लंस. नम्रताक म्हायत आसा?"

"नाही."

"मगे समेट अर्धोच झालो. चल, मी येतंय."

चर्चमध्ये पोचले तर बाकं रिकामी. वेदीपाशी भोपळ्यांच्या राशीत कोंबडा ऐटीत उभा आणि समोरच्या बाकावर पाळकसाहेब हनुवटीला हात लावून बसलेले. उपासनेच्या सुरुवातीला त्यांनी शिष्यत्वाचा ताजा दाखला म्हणून शांतवनरावांची चिठ्ठी वाचून दाखवली होती. आधी पेटीवाला उठला. त्याचं भावाशी बोलणं नव्हतं. मग त्याच्यामागे खजिनदार, मग बाकाबाकांतून माणसं. सगळे आपापलं दान ठेवून समेटाला गेले होते. एकाचा मेहुणा ठाण्याला राहत होता.

"पंचेचाळीस मिनिटांचा संदेश तयार होता माझा," पाळकसाहेब म्हणाले.

नम्रताबाई कोंबड्याला तांदूळ घालत होत्या. शांतवनरावांनी त्यांच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. नम्रताबाईंनी ऐकून घेतलं, नवऱ्याकडे पाहिलंही नाही, आणि त्या कुशाबांकडे वळल्या.

"काका, वर्षभर मी तुमच्या दारावरून मान फिरवून गेले. मला माफ करा." मग नवऱ्याला म्हणाल्या, "हॉस्पिटल रविवारीही उघडं असतं ना? माझ्या आईचं ताट घेऊन या."

शांतवनराव ताट घेऊन परतले तेव्हा दीड वाजला होता आणि चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. समेटाला गेलेले लोक आपापले भाऊ, जावा, मेहुणे बरोबर घेऊन आले होते. लिलावात कोंबडा कुशाबांनी घेतला होता.

कुशाबा तो आठ दिवसांत कापतील, असा शांतवनरावांचा हिशेब होता. पण कुशाबा म्हणाले, ह्याच्यामुळे माझे शेजारी परत आले, ह्याच्या मानेक सुरी कशी लावू? आरामखुर्ची असायची नेमक्या त्याच जागी तो आता बांधलेला असतो, आणि पहाटे चार वाजता शांतवनरावांच्या खिडकीकडे तोंड करून आरवतो. डिसेंबरात एकदा शांतवनरावांनी कमिटीला अर्ज लिहायला घेतला. नम्रताबाईंनी नुसतं विचारलं, कोणाविरुद्ध? त्यांनी कागद फाडला.

नाताळाला ताट शांतवनरावांनीच नेलं. नम्रताबाई दारात उभ्या राहून, ते आत जाईपर्यंत पाहत होत्या. तासाभरात ताट घासूनपुसून, मालवणी खाजं भरून परत आलं.

त्यानंतरच्या रविवारी सॉलोमनमामांनी दाराशी विचारलं, "काय शांतवन, शेजारीपाजारी सगळं ठीक?"

"सगळं ठीक," शांतवनराव म्हणाले, आणि आत जाण्याआधी क्षणभर थांबून त्यांनी कानोसा घेतला.