डोकं शनिवारी होईल

एखादा समाज किती निरोगी आहे, हे त्यातली अनोळखी माणसे एकमेकांची किती काळजी वाहतात यावरून ठरते. या कसोटीवर आमच्या समाजाची प्रकृती ठणठणीत आहे. गेल्या अकरा आठवड्यांत चारशे सतरा अनोळखी माणसांनी माझी, माझ्या मुलीची, माझ्या नवऱ्याच्या इभ्रतीची आणि माझ्या कमरेच्या घेराची लेखी काळजी वाहिली. त्यांपैकी एकालाही मी तशी विनंती केलेली नव्हती.

प्रकरणाची पार्श्वभूमी अशी. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांना 'सगळ्यात खालची ओळ वाचा' असे सांगते. उरलेल्या वेळात मी घुबड असते. म्हणजे मी कॉस्प्ले करते. कॉस्प्ले म्हणजे गोष्टीतल्या एखाद्या पात्राचा पोशाख स्वतः कापून, चिकटवून, रंगवून ते पात्र होणे आणि चारचौघांत वावरणे. माझे पात्र एका कार्टूनमधले आहे : सात टेकड्यांवर पहारा देणारी घुबडराणी. ती कधी झोपत नाही. (मूल झाल्यापासून मला या भूमिकेसाठी वेगळी तयारी करावी लागली नाही.) माझी साडेपाच वर्षांची मुलगी तिचे पिल्लू होते आणि म्हणून घरी तिला पिल्लू म्हणतात.

आमचे अडतीस जणांचे मंडळ आहे. त्यात एक दातांचे डॉक्टर आहेत, ते ड्रॅगन होतात. बस चालवणाऱ्या दोघी बहिणी मिळून एक घोडा होतात. मागचे पाय कोणी व्हायचे यावरून त्यांचे दर रविवारी वाजते. त्रेसष्ट वर्षांच्या एक निवृत्त ग्रंथपाल रोबो आहेत. रविवारी जमून आम्ही फोमच्या चटया कापतो आणि एकमेकांच्या पाठीची चेन लावतो. (पंख एकट्याने घालता येत नाहीत. आमच्या संघटनेचा पाया एवढाच.) मंडळातल्या प्रत्येक बाईची काळजी वाहणारे लोक आहेत. डॉक्टरांची काळजी मात्र आजवर कोणीही वाहिलेली नाही. ड्रॅगनला वळण लागावे असे कोणाला वाटत नसावे.

माझा आणि पिल्लूचा पंख लावलेला फोटो मी मंडळाच्या पानावर टाकला आणि काळजीचा ओघ सुरू झाला. पहिल्या दिवशी मी रडले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी वही आणली.

सासूबाई एकतीस वर्षे एका मोठ्या कार्यालयात आवक-जावक विभागात होत्या. आलेला प्रत्येक कागद नोंदला गेलाच पाहिजे, मग तो वाचला नाही तरी चालेल, या तत्त्वावर त्यांनी ते कार्यालय चालवले. निवृत्तीच्या वेळी त्यांनी 'पोचले' असा रबरी शिक्का सोबत आणला होता. त्याला आता पुन्हा काम मिळाले.

"रडायचं नाही, नोंदवायचं," त्या म्हणाल्या. "नंबर पडला की कागदाची मस्ती उतरते."

तेव्हापासून प्रत्येक अभिप्रायाला आवक क्रमांक पडू लागला. आवक क्रमांक तीन, 'घुबड दिसतेस.' हा शेरा आम्ही तांत्रिक कौतुकात घेतला. आवक क्रमांक नऊ, 'नवरा काय करतो हिचा?' यावर 'लिफ्ट दुरुस्त करतो' असे उत्तर जावक झाले. पुढे त्या गृहस्थांनी आपल्या इमारतीची लिफ्ट अडकते म्हणून सविस्तर कळवले. आवक क्रमांक एकशे दोन मध्ये एकाने पिल्लूची शाळा कोणती आणि सुटते किती वाजता, असे विचारले. ही काळजी इतकी बारकाईची होती की ती आम्ही पोलिसांकडे जमा केली. तिथल्या साहेबांनी विचारले, "पण मॅडम, तुम्ही फोटो टाकलातच कशाला?" (हा अभिप्राय तोंडी असल्यामुळे त्याला क्रमांक देता आला नाही.)

खरी अडचण वेगळीच होती. पिल्लू वाचायला शिकत होती.

हा टप्पा इतर घरांत आनंदाचा मानतात. आमच्याकडे तो तारीख लावून जवळ येणाऱ्या संकटासारखा होता. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार झाले होते. जोडाक्षरे पुढच्या महिन्यात, असे वर्गाच्या बाईंनी पालकांना कळवले होते. पिल्लू दिसेल ते वाचत सुटली होती : दुकानांच्या पाट्या, साबणाचे कागद, लिफ्टमधली 'आठ माणसे'. तेव्हा मी आवक वहीचे नवे वर्गीकरण केले : जोडाक्षरी आणि बिनजोडाक्षरी.

'निर्लज्ज', 'कर्तव्यशून्य', 'संस्कृतिभ्रष्ट' हे शेरे महिनाअखेरपर्यंत निर्धोक होते. हे असे भारदस्त लिहिणाऱ्यांची मी मनापासून ऋणी आहे. इंग्रजी लिपीत मराठी शिव्या देणाऱ्यांकडून दोन वर्षे तरी धोका नव्हता. शुद्धलेखन कच्चे असलेले तर आमचे मित्रच म्हणायचे. 'जाडी' हा शब्द मात्र दोन अक्षरी, सोपा आणि प्राणघातक. बिनजोडाक्षरी मजकूर चार तासांत पुसायचा, असा नियम झाला. दुकानात एका डोळ्यावर झाकण ठेवून माणसे अक्षरे वाचत बसायची आणि मी टेबलाखाली अक्षरे पुसत बसायची.

या सगळ्यात एकच खाते असे निघाले की त्याच्यापुढे नियम लंगडा पडला. त्याचे नाव 'आरसा'. फोटोच्या जागी सूर्यफूल. 'आरसा'चे मराठी निर्दोष होते. एक वेलांटी इकडची तिकडे नाही आणि जोडाक्षर तर औषधालाही नाही. 'आईला हे शोभत नाही.' 'मुलीला काय वळण लागेल?' 'आधी मुलीला वाचायला शिकवा.' पाच आठवड्यांत एकोणतीस शेरे, सगळे पिल्लूला सहज वाचता येतील असे. मोठी माणसे असे लिहीत नाहीत. मोठ्या माणसाला राग आला की त्याच्या तोंडी आपोआप जोडाक्षरे येतात. 'आरसा' जणू पिल्लूसाठीच लिहीत होता. मला शाळा सुटण्याची वेळ विचारणाऱ्यापेक्षाही याची भीती वाटू लागली.

"यंदा राहू दे," नवरा म्हणाला. "एक वर्ष नाही गेलीस तर काय बिघडतंय? तिला वाचता यायला लागेल, मग काय काय समजवत बसणार आहेस?"

रविवारी वार्षिक मेळावा होता. पिल्लू माझ्याबरोबर पहिल्यांदाच मंचावर जाणार होती. तिने त्यासाठी आरशासमोर मान गर्रकन फिरवण्याचा इतका सराव केला होता की तिला एकदा लचक भरली. मी माघारीचा अर्ज भरला. 'कारण' या रकान्यात 'प्रकृती' लिहिले आणि अर्ज सासूबाईंकडे जावक क्रमांकासाठी दिला. त्यांनी तो वहीखाली सरकवला. "शिक्क्याची शाई वाळलीय," त्या म्हणाल्या. शाई नुकतीच भरलेली होती. एकतीस वर्षांच्या अनुभवाला काही अर्थ असतो.

गुरुवारी दुपारी मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर डोक्याचे काम करत होते. आमच्या घरात 'डोकं' म्हणजे घुबडराणीचे शिरस्त्राण. त्याची चोच बसत नव्हती. 'माझं डोकं फ्रीजवर ठेवा', 'डोक्याला अजून एक हात मारायचाय' ही वाक्ये आमच्याकडे रोजची आहेत. दोन्ही हात गोंदाने भरलेले होते. अर्ज जाणारच असेल तर डोके कशाला, हा प्रश्न मला पडला होता, पण हात थांबत नव्हते. फोन मापांसाठी समोर उभा केलेला होता. सासूबाई वहीवर मान टाकून घोरत होत्या. तेवढ्यात फोन किणकिणला आणि पिल्लूने तो उचलला.

"बि... न... डो... क. बिनडोक. बा... ई. बिनडोक बाई." ती माझ्याकडे वळली. "आई, मी सगळं वाचलं! एकटीने!"

मी गोंदाचे हात हवेत धरून उभी राहिले. फोनवर 'आरसा'चे सूर्यफूल होते. सात आठवड्यांची दक्षता, चार तासांचा नियम, सगळे एका दमात पाण्यात गेले.

"बरोबरच आहे ना पण," पिल्लू म्हणाली. "डोकं झालंच नाहीये अजून. आई, यांना कसं कळलं?"

हवेतले माझे हात परवानगी समजून तिने एका बोटाने टाइप करायला घेतले. जीभ बाहेर काढून, प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत तिने आयुष्यातले पहिले पत्रोत्तर पाठवले :

'डोकं शनिवारी होइल.'

दोन मिनिटांत 'आरसा'चे उत्तर आले. आजवर त्याने इतक्या लगबगीने काहीच पाठवले नव्हते.

'ई दुसरी. तीनदा लिही.'

पिल्लूने मुकाट्याने लिहिले : 'होईल होईल होईल.' मग ती खुशीत म्हणाली, "आई, आमच्या बाई फोनमध्ये पण आहेत!"

"कोण बाई?"

"वर्गातल्या गं! तीनदा लिही म्हणाल्या ना!"

मी हात न धुताच तिचे दप्तर उघडले. शुद्धलेखनाच्या वहीत पानापानावर लाल शाईने तेच होते. 'उ दुसरा. तीनदा लिही.' 'ई दुसरी. तीनदा लिही.' मला उद्देशून लिहिलेल्या प्रत्येक शेऱ्यात 'आरसा'ने मला अहो-जाहो केले होते. शिवीसुद्धा 'बाई' लावून दिली होती. आणि आता अचानक 'लिही'. समोर लहान मूल आहे हे त्याला एका चुकलेल्या 'इ'वरून कळले होते. बिनजोडाक्षरी भाषेचाही उलगडा झाला. जी बाई रोज पाच तास 'कमल नमन कर' फळ्यावर लिहिते, तिला रागही पहिलीच्या पुस्तकातलाच येणार.

तोवर सासूबाई जाग्या झाल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून उत्तर वाचले आणि जावक क्रमांक टाकला.

"'आरसा'चं मी बघते आई," मी म्हणाले, "पण तो अर्ज..."

"कसला अर्ज? लेखी गेलंय आता." त्यांनी शिक्का दाणकन मारला. "डोकं शनिवारी होईल म्हणजे होईल. वर तीनदा कळवलंय. बाहेर गेलेला कागद या विभागानं कधी मागे घेतलेला नाही."

शासकीय कार्यपद्धतीपुढे माझी भीती टिकली नाही.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी वर्गात गेले. मनात भाषण तयार होते आणि त्यात जोडाक्षरे भरपूर होती. पण पिल्लू अजून सहा महिने याच वर्गात बसणार होती, म्हणून मी भाषण गिळले. बाई वह्यांच्या दोन चळतींमध्ये एकट्या बसल्या होत्या. मी पिल्लूची वही पुढे ठेवली. तिने आदल्या दिवशीचे तीन 'होईल' वहीतही उतरवले होते, शोभेला शेजारी घुबड काढून.

"काल दिलेला गृहपाठ," मी म्हणाले. "तपासून हवा होता."

"काल? काल मी कुठे..." त्यांनी वही हातभर लांब धरली. घुबडाकडे पाहिले. मग तिन्ही 'होईल' बोटाने एकेक करून मोजले.

"अहो, मी तिच्या काळजीपोटी..." त्या म्हणाल्या.

"हो ना. एकोणतीस वेळा. सगळ्याची पोच घरी आहे."

"तिनं वाचलं?"

"एकच. बाकीचे मी पुसले. तुम्ही फार छान शिकवता बाई, न अडखळता वाचते ती."

बाईंनी पेन उघडले. तिन्ही शब्दांवर त्यांनी बरोबरची खूण केली आणि खाली काही लिहावे की नाही अशा विचारात पेन टेकवून बसल्या. शेवटी 'छान' लिहिले. वही अजून हातभर लांबच होती.

"दुकानात या एकदा," मी म्हणाले. "तुम्हाला जवळचं दिसत नाहीये. लांबचं एकदम स्पष्ट असेल, नाही का?"

डोके शनिवारी दुपारी पावणेपाचला झाले. रविवारी पिल्लूने मंचावर मान फिरवली आणि अख्ख्या सभागृहाने श्वास रोखला. (लचक भरली नाही.) मागचे पाय झालेल्या बहिणीने सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या. घोडा त्यामुळे मध्येच तुटला. 'आरसा' खाते त्या आठवड्यात बंद झाले. काळजीचा एकूण ओघ मात्र तेवढाच आहे. माणसे जातात, विभाग चालू राहतो.

परवा बाई दुकानात येऊन गेल्या. त्यांना दीडचा नंबर निघाला. चष्मा लावून त्यांनी सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचली आणि जाताना दारात थांबून विचारले, "पंख कशाचे करता हो?"

वाचकहो, आपणही हे इथवर वाचलेत. म्हणजे आपली नजर उत्तम आहे. पहिल्या पानावर 'घुबडराणी' आणि 'मुलगी' हे शब्द शेजारी आले तेव्हा आपल्या मनात एक छोटे वाक्य येऊन गेले होते. ते मला माहीत आहे, कारण आमच्या वहीत ते चारशे सतरा जणांच्या नावे आहे. संकोच करू नका. खाली जागा मोकळी ठेवली आहे. फक्त अक्षर सुवाच्य काढा. जोडाक्षरे आता झाली आहेत. आपला मजकूर सर्वात आधी पिल्लू वाचते, आणि चूक सापडली तर तीनदा लिहायला लावते.