हवालदारांची पडवी

भर दुपारी रस्त्यानं कोणी उन्हातून चाललं, की आमचे शेजारी हवालदार त्याच्यावर ओरडायचे, "उन्हात काय भाजून राहिला? पडवीतून चाल!" ओळखीचा असो वा नसो. एकदा तर एका नवरदेवाला त्यांनी घोड्यासकट पडवीत घातलं. फेटा तुळईला लटकला, घोडा पुढे गेला.

पहिल्या महायुद्धात ते खेचरांच्या तुकडीबरोबर फ्रान्सला गेले होते. तिकडे दक्षिणेत, एका बाजाराच्या गावी, त्यांनी शेकडो वर्षांची घरं पाहिली. माडी खांबांवर पुढे आलेली, खालून लोकांची वाट. "घर मालकाचं, सावली गावाची!" बऱ्हाणपूरला परतल्यावर त्यांनी आपल्या घराला तश्शीच पडवी काढली. तिथं बसायला मात्र सक्त मनाई. भाजीवाली जरा टेकली, की हे काठी आपटत हजर. "ही वाट आहे. फ्रान्सात कोणी बसत नाही!" बायको गेल्यावर तर हा पहारा दिवसभराचा झाला.

फाळणीनंतरच्या उन्हाळ्यात सिंधमधून आलेली कुटुंबं गावात दिसू लागली. एका दुपारी त्यांच्यातली एक म्हातारी दिवस भरलेल्या सुनेला घेऊन पडवीत बसली. मुलगा खोली शोधायला गेला होता आणि इकडे सुनेला कळा सुरू झाल्या. हवालदार काठी घेऊन बाहेर आले. मी घाबरून आमच्या ओट्यावरून धावले.

"ही वाट आहे," ते म्हणाले.

"बेटा, बहू से चला नहीं जाता."

ते आत गेले ते खाट घेऊनच आले. खांबांना बायकोची लुगडी बांधून आडोसा केला. मला म्हणाले, "मास्तरीणबाई, सुईणीला बोलवा, पळा!" आणि स्वतः रस्त्यात उभे राहून ओरडू लागले, "उन्हातून चाला! सावली बंद आहे आज!"

सुईण आली. बराच वेळ नुसतं कण्हणं ऐकू येत होतं. मग एकदम बाळानं टाहो फोडला.

"मुलगी! दोघी सुखरूप!" आडोशामागून सुईण ओरडली.

समोरच्या दुकानांतले लोक आनंदानं हसायलाच लागले. हवालदार काठी टाकून रस्त्यातच बसले.

संध्याकाळी म्हातारीचा मुलगा हात हलवत परतला आणि बोचकी बांधू लागला. हवालदार खेकसले, "जच्चा-बच्चा को लेके किधर चला? अंदर दो कमरे खाली पड़े हैं!"

सगळे आत गेले. मी निघाले तसे ते माझ्यामागे आले. इकडंतिकडं बघून, आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं,

"मास्तरीणबाई, लहान बाळाला रात्री दिवा ठेवावा लागतो का हो? आमच्या घरात कधी काम पडलं नाही."